जपानी वाक्य मराठीवरून बांधा : शब्दक्रम आणि वा, गा, ओ, नि, दे

प्रश्न थोडक्यात असा आहे : हिरागाना-काताकाना या जपानी लिप्या येतात, चारशे-पाचशे शब्द पाठ आहेत, एन ५ची (जपानी भाषेच्या परीक्षेची सर्वांत सोपी पातळी) परीक्षा तोंडावर आली आहे, पण वाक्य लिहायला बसलं की कुठला शब्द कुठे ठेवायचा आणि त्याच्यामागे 'वा' लावायचा की 'गा', 'नि' लावायचा की 'दे', हे ठरत नाही. इंग्रजी पुस्तकातली स्पष्टीकरणं वाचून गोंधळ आणखी वाढतो.

पहिलं काम हे करा की मधली इंग्रजी काढून टाका. मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून जपानीत असा प्रवास केला तर वाक्य दोनदा उलटं होतं. मराठी आणि जपानी वाक्यांचा सांगाडा जवळजवळ एक आहे. कर्ता आधी, कर्म नंतर, क्रियापद शेवटी. आणि शब्दाचं नातं सांगणारा तुकडा शब्दाच्या मागे. आपण 'घरात' म्हणतो, 'त घर' म्हणत नाही, जपानीतही तसंच. मराठी माणसाला जपानी वाक्यरचना शिकायची नसते, ती ओळखायची असते. शिकायचं ते एवढंच की मराठीचा आधार कुठे सुटतो. अशा जागा मोजक्या आहेत, आणि चुका बहुतेक तिथेच होतात.

पुढे जपानी शब्द देवनागरीत दिले आहेत. 'ऽ' दिसला की आधीचा स्वर दुप्पट लांबवा. देस आणि मास यांच्या शेवटी लिपीत 'सु' असतो, पण बोलताना त्यातला उ जवळजवळ गळतो, म्हणून तसंच लिहिलं आहे.

साधं वाक्य घ्या :

वाताशि वा पान ओ ताबेमास.
मी पाव खातो.

वाताशि म्हणजे मी, पान म्हणजे पाव, ताबेमास म्हणजे खातो. (हा 'पान' आणि आपला 'पाव' एकाच पोर्तुगीज शब्दातून आले आहेत. पोर्तुगीज गोव्यात आले तसे जपानलाही गेले.) उरले 'वा' आणि 'ओ'. या चिकटणाऱ्या तुकड्यांना जपानीत 'जोशि' म्हणतात. हे नाव मराठी माणसाला वेगळं पाठ करावं लागत नाही. आता हेच वाक्य वाढवू :

वाताशि वा माइआसा शिचिजि नि उचि दे काझोकु तो पान ओ ताबेमास.
मी रोज सकाळी सात वाजता घरी कुटुंबाबरोबर पाव खातो.

बोट ठेवून दोन्ही ओळी वाचा. एकही तुकडा जागचा हललेला नाही. कोण, केव्हा, कुठे, कोणाबरोबर, कशाने, कोणाला, काय आणि शेवटी क्रियापद, हा क्रम डोळे मिटून वापरा. तो बदलता येतो, पण बदलला की जोर बदलतो. शिवाय शब्द हलवायचा तर त्याचा जोशि त्याच्याबरोबर हलतो. 'पान ओ' ही जोडी फुटत नाही. क्रियापद मात्र शेवटीच. मराठीत बोलताना 'खाल्लास का पाव तू?' असं क्रियापदानंतर काहीबाही जोडायची सवय असते. जपानी लोकही घरगुती बोलण्यात असं करतात, पण लिहिताना आणि परीक्षेत ते चालत नाही.

नकार क्रियापदाच्या शेपटीत येतो : ताबेमासेन, खात नाही. प्रश्नासाठी वाक्य उलटंसुलटं करावं लागत नाही, शेवटी 'का' लावायचा : ताबेमास का? खाता का? उच्चार तोच, जागा तीच. फरक एवढाच की मराठीत 'कुठे', 'काय' असा प्रश्नशब्द आला की 'का' गळतो, जपानीच्या आदरार्थी बोलण्यात तो राहतो : दोको ए इकिमास का? कुठे जाता? प्रश्नशब्द उचलून वाक्याच्या सुरुवातीला न्यायचीही गरज नाही, जिथे उत्तर येणार तिथेच तो बसतो.

नामाचं वर्णन नामाच्या आधी येतं, मग ते वर्णन कितीही लांब असो. मराठीत आपण हे दोन प्रकारे करतो. 'जे पुस्तक मी काल घेतलं ते' हा एक, आणि 'मी काल घेतलेलं पुस्तक' हा दुसरा. जपानीत पहिला प्रकार नाही. म्हणून मनात वाक्य आलं की आधी ते 'घेतलेलं, केलेला, राहणारा' या रूपात आणा, मग जपानीत न्या : वाताशि गा किनोऽ कात्ता होन. मी, काल, घेतलेलं, पुस्तक. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे फार जड जातं. तुम्हाला जाऊ नये.

संख्येची जागा मात्र लक्षात ठेवा. 'तीन सफरचंदं घेतली' हे जपानीत 'सफरचंदं तीन घेतली' असं होतं : रिन्गो ओ मित्त्सु काइमाशिता. मोजण्याचा शब्द 'ओ'च्या नंतर, क्रियापदाच्या अगदी आधी, आणि त्याच्यामागे जोशि नाही. 'मित्त्सु ओ' लिहिलं की चूक.

आता जोशि. उच्चाराचं आधी उरकून घेऊ. 'वा' हा जोशि हिरागानातल्या 'हा' अक्षराने लिहितात, 'ए' हा 'हे' अक्षराने, आणि 'ओ'साठी एक वेगळंच अक्षर आहे जे दुसरीकडे सहसा वापरत नाहीत. 1946 साली जपानने लेखन उच्चाराच्या जवळ आणलं, तेव्हा हे तीन जोशि जुन्या लेखनासह तसेच ठेवले. त्यामुळे लिहिताना 'हा', वाचताना 'वा'. दुसरं म्हणजे जोशिच्या आधी थांबू नका, नंतर थांबा. 'वाताशि… वा पान… ओ' असं तोडून बोललं तर समोरच्याला अर्थ लागायला वेळ लागतो. 'वाताशिवा, पानओ, ताबेमास' असं, आपण 'घरात' एका दमात म्हणतो तसं.

'वा म्हणजे आहे' ही समजूत फार रुजलेली असते, कारण पहिल्या धड्यात 'वाताशि वा गाकुसेइ देस' आणि त्याचं इंग्रजी भाषांतर शेजारी असतं. 'आहे'चं काम शेवटचा 'देस' करतो : मी विद्यार्थी आहे. ही समजूत गेली की तिची जुळी चूकही जाते. मराठीत 'खात आहे', 'जाणार आहे' म्हणायची सवय असल्यामुळे 'इकिमास देस' असं लिहिलं जातं. 'मास'नंतर 'देस' कधीही नाही. 'इकिमास' यातच 'जातो' आणि 'जाणार आहे' दोन्ही आलं.

सगळ्यात जास्त घोळ मराठीतल्या 'ला' या प्रत्ययाने होतो, म्हणून तो नीट उकलून घ्या. मराठीत एकच 'ला' चार-पाच कामं करतो, जपानीत ती कामं ओ, नि आणि गा यांच्यात वाटलेली आहेत.

'मित्राला बोलावतो' आणि 'मित्राला फोन करतो'. मराठीत दोन्हीकडे 'ला'. जपानीत पहिला 'तोमोदाचि ओ योबिमास', दुसरा 'तोमोदाचि नि देन्वा ओ शिमास'. हे ओळखायला मराठीतच एक कसोटी आहे. माणूस काढून निर्जीव वस्तू घाला. 'टॅक्सी बोलावतो' : 'ला' गळला, म्हणजे ते थेट कर्म, तिथे 'ओ'. 'ऑफिसला फोन करतो' : 'ला' टिकला, तिथे 'नि'. 'मित्राला पाहिलं', 'सिनेमा पाहिला' : गळला, 'ओ'. 'मित्राला दिलं', 'शाळेला दिलं' : टिकला, 'नि'. 'पुण्याला पोहोचलो' : टिकला, 'नि'. कसोटी बहुतेक वेळा खरी उतरते. ठळक अपवाद मदतीचा : 'आईला मदत करतो' हे 'हाहा ओ तेत्सुदाइमास', इथे 'ओ'. भेटण्याला वस्तू बसत नाही, त्यामुळे ते वेगळं पाठ करा : तोमोदाचि नि आइमास. इंग्रजीवरून येणारे इथे हमखास 'ओ' लावतात. 'मित्राला भेटतो' एवढं मनात म्हटलं की 'नि'कडे हात जातो.

मग 'मला' असलेली वाक्यं. मला मांजर आवडतं. मला जपानी समजतं. मला टेनिस येतं. मला पैसे हवेत. या सगळ्यांत मराठी क्रियापद 'मला'शी नाही, त्या वस्तूशी जुळतं : मांजर आवडतं, भाजी आवडते. म्हणजे वस्तू प्रथमेत आहे. जपानीत त्याच वस्तूला 'गा' लागतो, आणि 'मला'चा होतो 'वाताशि वा' :

वाताशि वा नेको गा सुकि देस.
वाताशि वा निहोन्गो गा वाकारिमास.
वाताशि वा तेनिसु गा देकिमास.
वाताशि वा ओकाने गा होशी देस.

'माझं डोकं दुखतंय' तेही याच घडणीचं : वाताशि वा आतामा गा इताइ देस. 'मला धाकटा भाऊ आहे' : वाताशि वा ओतोऽतो गा इमास. ज्यांना इंग्रजीतून शिकवलं जातं त्यांना ही यादी अपवाद म्हणून घोकावी लागते. आपल्याकडे ती व्याकरणात आधीपासून आहे. 'वाताशि नि' लावायचा मोह तेवढा टाळा.

'ने'बद्दलही एक सावधगिरी. 'आईने केक केला' यातल्या 'ने'ला जपानीत जागा नाही. भूतकाळ झाला म्हणून कर्त्याचा जोशि बदलत नाही, कर्माच्या लिंगाप्रमाणे क्रियापद बदलत नाही. खाल्ला, खाल्ली, खाल्लं, खाल्ले, सगळ्यांना एकच ताबेमाशिता. कर्ता 'वा' किंवा 'गा'वरच राहतो. साधनाचा 'ने' मात्र थेट 'दे' होतो : चॉपस्टिकने खातो, हाशि दे ताबेमास, बसने जातो, बासु दे इकिमास. म्हणून 'ने' दिसला की विचारा, करणारा की साधन? करणाऱ्याला 'दे' लावून 'वाताशि दे ताबेमाशिता' असं लिहिलेलं वह्यांमध्ये वरचेवर दिसतं.

आता 'त' आणि 'मध्ये'. नवशिक्यांची आणखी एक नेहमीची चूक इथली, आणि मराठीचा आधार इथे खरोखर सुटतो. 'घरात आहे' आणि 'घरात जेवतो' यांत आपल्याला 'त' एकच दिसतो. जपानी दोन वेगळ्या गोष्टी पाहतो : असणं आणि करणं. असण्याच्या जागेला 'नि', करण्याच्या जागेला 'दे'.

उचि नि इमास. घरात आहे.
उचि दे ताबेमास. घरी जेवतो.

जागेकडे पाहून जोशि ठरत नाही, क्रियापदाकडे पाहून ठरतो. म्हणून वाक्याच्या शेवटी आधी नजर टाका. इमास (सजीव असणं), आरिमास (निर्जीव असणं), राहणं, बसणं असली क्रियापदं 'नि' मागतात : पुणे नि सुन्दे इमास, पुण्यात राहतो, इसु नि सुवारिमास, खुर्चीत बसतो. 'राहणं' ही क्रियाच नाही का, असं वाटतं. जपानीत ती असण्याच्या बाजूला मोजतात. नोकरीची दोन क्रियापदं तर शेजारी-शेजारी वेगळी वागतात : गिन्कोऽ नि त्सुतोमेते इमास म्हणजे बँकेत नोकरीला आहे, आणि गिन्कोऽ दे हाताराइते इमास म्हणजे बँकेत काम करतो. मराठी अर्थ वाचला तरी पहिल्यात 'आहे' आणि दुसऱ्यात 'करतो' दिसतं.

आरिमास असूनही 'दे' येतो अशी एक जागा आहे, आणि ती नियमाविरुद्ध नाही. या जोडीकडे बघा :

काइगिशित्सु वा निकाइ नि आरिमास. मीटिंगची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे.
काइगि वा निकाइ दे आरिमास. मीटिंग दुसऱ्या मजल्यावर आहे.

खोली तिथे असते, म्हणून 'नि'. मीटिंग तिथे होते, म्हणून 'दे'. मराठी वाक्यात 'आहे'च्या जागी 'होणार आहे' बसवून बघा. बसलं तर 'दे'. (आणि जपानी माणूस तळमजल्याला पहिला मजला मोजतो, त्यामुळे हा 'निकाइ' आपला पहिला मजला. जपानमध्ये मीटिंगला जाताना हे उपयोगी पडतं.)

'दे'ची आणखी एक सोय : 'जपानीत बोलतो' यातला 'त'ही 'दे'च : निहोन्गो दे हानाशिमास. भाषा हे साधन आहे, जागा नाही.

'ओ'चा एक वापर पुस्तकात उशिरा येतो, पण कामाचा आहे. 'घरातून निघतो', 'बसमधून उतरतो', 'बागेतून चालतो', 'पूल ओलांडतो' : उचि ओ देमास, बासु ओ ओरिमास, कोऽएन ओ आरुकिमास, हाशि ओ वातारिमास. आपल्या 'ऊन'वरून 'कारा' लावावासा वाटतो, कारण 'कारा' म्हणजे 'पासून'. सोडण्याची आणि पार करण्याची जागा 'ओ' घेते, असं एकत्र लक्षात ठेवा. चढण्याला मात्र 'नि' : देन्शा नि नोरिमास, देन्शा ओ ओरिमास. ही दोन वाक्यं जोडीनेच पाठ करा, सुटी केली की अदलाबदल होते.

वेळेसाठी मराठी पुन्हा मदतीला येते. सात वाजता, सोमवारी, जुलैमध्ये यांना मराठीत प्रत्यय आहे. जपानीत त्यांना 'नि' लागतो. आज, उद्या, काल, आता, रोज हे नुसते आहेत. जपानीतही नुसते : क्योऽ, आशिता, किनोऽ, इमा, माइनिचि. 'आशिता नि' लिहिणं म्हणजे 'उद्यामध्ये' म्हणणं. कसोटी दोन ठिकाणी चुकते : 'सकाळी' आणि 'पुढच्या आठवड्यात' यांना मराठीत प्रत्यय आहे, पण आसा आणि राइशू सहसा नुसतेच येतात. 'पाचपर्यंत'चाही एक पेच आहे. पाचपर्यंत काम करतो, म्हणजे तोवर चालूच, तिथे 'गोजि मादे'. पाचपर्यंत दे, म्हणजे त्याआधी केव्हाही, तिथे 'गोजि मादे नि'. मराठीत एकच शब्द, जपानीत त्या एका 'नि'ने अर्थ बदलतो. ऑफिसच्या कामात हा फरक महागात पडू शकतो.

'वा' आणि 'गा' शेवटी ठेवले, कारण आधीचं बसल्याशिवाय ते बसत नाहीत. कर्त्याचं चिन्ह 'गा' आहे. 'वा' हे कर्त्याचं चिन्ह नव्हे. ज्याच्याबद्दल आपण बोलतोय त्याचं ते चिन्ह आहे. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ येतो तो 'तर' किंवा 'म्हणाल तर'. हॉटेलात चौघे बसले आहेत आणि एकजण म्हणतो, 'वाताशि वा कोऽही देस.' याचा अर्थ 'मी कॉफी आहे' असा होत नाही. 'माझं म्हणाल तर कॉफी.' हे वाक्य पूर्ण शुद्ध आणि रोजचं आहे, आणि 'वा' समजला की नाही हे याच वाक्यावरून कळतं. 'झोऽ वा हाना गा नागाइ' हे प्रसिद्ध उदाहरणही तसंच : हत्ती म्हणाल तर, सोंड लांब. विषय हत्ती, लांब असणारी सोंड.

कुठे कोणता हे ठरवायला तीन मराठी शब्द वापरा. 'च' बसत असेल तर 'गा'. 'कोणी एक' बसत असेल तर 'गा'. 'तर' बसत असेल तर 'वा'.

दारे गा किमाशिता का? कोण आलं?
तानाकासान गा किमाशिता. तानाका (च) आले.

प्रश्न 'कोण' असा आहे, उत्तरातली नवी माहिती म्हणजे ते नाव, तिथे 'गा'. 'दारे', 'नानि' अशा प्रश्नशब्दांच्या मागे 'वा' येत नाही, कारण ज्याचा पत्ताच नाही त्याच्याबद्दल 'म्हणाल तर' कसं म्हणणार? उलट 'तानाकासान वा?' एवढंच विचारलं तर ते 'तानाकांचं काय?' असा पूर्ण प्रश्न होतो.

'कोणी एक'ची जागा गोष्टीत सापडते. आपली कहाणी कशी सुरू होते? आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता. मग पुढच्या वाक्यात नुसता 'राजा', 'एक' गेला. जपानी लोककथांची ठरलेली सुरुवात पाहा :

मुकाशि मुकाशि, ओजीसान तो ओबाऽसान गा इमाशिता.
फार फार वर्षांपूर्वी एक आजोबा आणि एक आजी होते.

पुढे 'ओजीसान वा' डोंगराकडे जातात आणि 'ओबाऽसान वा' नदीवर जाते. पहिल्यांदा आणताना 'गा', ओळख झाल्यावर 'वा'. मराठीतला 'एक' गळतो त्याच जागी जपानीत 'गा'चा 'वा' होतो.

'वा'ला तुलनेचाही वास असतो. साकाना वा ताबेमास गा, निकु वा ताबेमासेन. मासे खातो, पण मांस खात नाही. (मधला 'गा' हा वेगळा, क्रियापदामागे आला की त्याचा अर्थ 'पण'.) या वासामुळे 'क्योऽ वा किरेइ देस ने', आज छान दिसताय, हे ऐकणाऱ्याच्या मनात 'म्हणजे एरवी नाही का?' असं येऊ शकतं. कौतुक करताना तो 'वा' काढून टाका.

'वा' आला की 'गा' आणि 'ओ' बाजूला होतात, पण नि, दे, तो, कारा जागेवर राहतात आणि 'वा' त्यांच्यामागे बसतो : उचि दे वा मराठीगो ओ हानाशिमास, काइशा दे वा निहोन्गो ओ हानाशिमास. घरी मराठी बोलतो, कंपनीत जपानी. 'मो', म्हणजे आपला 'ही', तोही याच नियमाने चालतो : वाताशि मो इकिमास, मीही जातो. प्रश्नशब्दाला तो आपल्यासारखाच लागतो : दारे मो इमासेन, कोणीही नाही. आणि लांब वाक्याच्या आत दडलेल्या छोट्या वाक्याचा कर्ता सहसा 'गा' घेतो. वरचं 'वाताशि गा किनोऽ कात्ता होन' त्यामुळेच 'गा'चं आहे.

'नो'वर फार वेळ घालवायला नको. तो चा-ची-चे-च्या आहे, फक्त बदलत नाही : वाताशि नो तोमोदाचि नो कुरुमा, माझ्या मित्राची गाडी. 'टेबलाच्या वर', 'घराच्या मागे' हेही जसंच्या तसं उतरतं : त्सुकुए नो उए, उचि नो उशिरो. पण मराठीत 'वर' म्हटलं की काम झालं, जपानीत 'उए'नंतर 'नि' किंवा 'दे' लागतोच : त्सुकुए नो उए नि होन गा आरिमास. हा 'नि' हमखास गळतो. विशेषणामागे मात्र 'नो' चिकटवू नका. लाल गाडी म्हणजे आकाइ कुरुमा.

'तो'चा अर्थ 'आणि' असा पाठ केलात तर तो फक्त नामांपुरता ठेवा. पान तो तामागो, पाव आणि अंडं, बरोबर. 'ताबेमास तो नोमिमास' चूक. दोन क्रिया जोडायला आपला 'ऊन' आहे, जपानीत 'ते' : ताबेते इकिमास, खाऊन जातो. खाऊन बघतो म्हणजे ताबेते मिमास, आणि 'मिमास' म्हणजे शब्दशः बघतोच! 'शी' या अर्थाचा 'तो' मराठीवरून आपोआप येतो : मित्राशी बोलतो, तोमोदाचि तो हानाशिमास.

सरावासाठी जोशिंची अर्थासह यादी पाठ करू नका. 'नि म्हणजे ला, त, वाजता' अशी यादी परीक्षेत उपयोगी पडत नाही. क्रियापद त्याच्या जोशिसकट पाठ करा : नि आउ, नि नोरु, ओ ओरिरु, गा वाकारु, नि सुमु (आइमास, नोरिमास, ओरिमास, वाकारिमास, सुन्दे इमास यांची ही कोशातली मूळ रूपं). वहीत क्रियापद एकटं लिहूच नका. दुसरा सराव म्हणजे एक नाम घेऊन त्याला सगळे जोशि लावणं. कोऽएन, बाग : कोऽएन नि इमास, बागेत आहे. कोऽएन दे आसोबिमास, बागेत खेळतो. कोऽएन ए इकिमास, बागेकडे जातो. कोऽएन ओ आरुकिमास, बागेतून चालतो. कोऽएन मादे हाशिरिमास, बागेपर्यंत धावतो. कोऽएन गा सुकि देस, बाग आवडते. रोज एक नवं नाम, सात दिवस. ('ए' आणि 'नि' यांत जाण्या-येण्याच्या क्रियापदांपुरता गोंधळ झाला तरी 'नि' चालतो, त्यावर अडून राहू नका.)

एन ५च्या व्याकरण विभागात चार रिकाम्या जागा आणि त्यांतल्या एकीवर तारा, असा प्रश्न येतो. चार तुकडे दिलेले असतात, ते जुळवून ताऱ्याच्या जागी कोणता येतो ते सांगायचं. डावीकडून भरायला लागलात तर अडकाल. शेवटाकडून या. उदाहरणार्थ : 'कोरे वा ___ ___ ★ ___ देस' आणि तुकडे त्सुकुत्ता, किनोऽ, केऽकि, हाहा गा. 'देस'च्या लगेच आधी नाम हवं, दिलेलं सुटं नाम केऽकि. ते शेवटची जागा घेतं. केकच्या आधी त्याचं वर्णन, म्हणजे त्सुकुत्ता, केलेला. कोणी केलेला? हाहा गा. उरला किनोऽ, त्याला जोशि नाही आणि नको. कोरे वा किनोऽ हाहा गा त्सुकुत्ता केऽकि देस. हा काल आईने केलेला केक आहे. ताऱ्याच्या जागी त्सुकुत्ता. मराठी वाक्यातला 'आईने' जपानीत 'हाहा गा' झाला, हे जाता जाता पाहून ठेवा.